प्रवाह आणि विसावा : ‘स्ट्रीम’ या रूपकाचा समीक्षेतील प्रवास

समीक्षेची परिभाषा ही पुष्कळ अंशी विझलेल्या रूपकांची बनलेली असते. ‘आशय’, ‘घाट’, ‘पोत’, ‘वीण’ हे शब्द वापरताना त्यांच्या मागचे भांडे, आकार किंवा वस्त्र डोळ्यांसमोर उभे राहत नाही. तसे ते राहिले तर परिभाषा म्हणून त्यांचा उपयोगही होणार नाही. परंतु रूपक विझले तरी त्याने एकदा केलेले विधान विझत नाही. ते शब्दाच्या पोटात शिल्लक राहते आणि वापरणाऱ्याच्या नकळत त्याच्या निर्णयांना वळण देत राहते. इंग्रजीतील ‘स्ट्रीम’ हा शब्द आणि त्याच्यापासून मराठीत आलेली ‘संज्ञाप्रवाह’ ही संज्ञा यांच्या बाबतीत असेच घडले आहे. हा शब्द मानसशास्त्रात एका निश्चित वादातील उत्तर म्हणून पुढे आला, कादंबरीच्या समीक्षेत एका तंत्राचे नाव झाला आणि मराठीत येताना एका संप्रदायाची खूण बनला. या प्रत्येक मुक्कामावर त्याने काही कमावले, तसे काही गमावलेही. त्याने जे गमावले त्याचा हिशेब मराठी समीक्षेने अद्याप पुरता मांडलेला नाही.

१

इंग्रजीत वाहण्याच्या क्रियेसाठी शब्दांची दोन कुळे शेजारी शेजारी नांदतात. ‘फ्लो’ आणि ‘स्ट्रीम’ हे जर्मानिक वारशाचे शब्द. तर ‘फ्लक्स’, ‘फ्लुइड’, ‘फ्लुएन्ट’, ‘इन्फ्लुअन्स’ हे लॅटिनमधील ‘फ्लुएरे’ या धातूपासून आलेले. ‘फ्लो’ आणि ‘फ्लुएरे’ यांच्यातील ध्वनिसाम्य पाहून ते एकाच मुळाचे असावेत असे वाटते. परंतु ऐतिहासिक भाषाशास्त्राने त्यांची मुळे वेगळी मानली आहेत. ‘फ्लो’चे नाते संस्कृतातील ‘प्लु’ या धातूशी, म्हणजे तरंगण्याशी आणि पोहण्याशी लागते. ‘स्ट्रीम’चे नाते मात्र ‘स्रु’ या धातूशी आहे. ‘स्रवणे’, ‘स्राव’, ‘स्रोत’ हे मराठीत आजही रुळलेले शब्द ‘स्ट्रीम’चे दूरचे सख्खे आहेत. ग्रीकमधील ‘ऱ्हेओ’ हे क्रियापदही त्याच घराण्यातले.

‘प्रवाह’ हा शब्द या कुळातला नाही. तो ‘वह्’ या धातूपासून आला आहे आणि त्या धातूचा मूळ अर्थ नेणे, वाहून नेणे असा आहे. मराठी ‘वाहणे’ या क्रियापदात हे दोन्ही अर्थ अजून एकत्र नांदतात. नदी वाहते, हमाल ओझे वाहतो आणि भक्त देवाला फूल वाहतो. तेव्हा ‘स्ट्रीम’चा ‘प्रवाह’ झाला त्या वेळी केवळ भाषा बदलली नाही. झिरपणाऱ्या, स्रवणाऱ्या पाण्याच्या जागी काहीतरी वाहून नेणारे पाणी आले. या फरकाकडे शेवटी पुन्हा वळावे लागेल.

२

मनाच्या व्यापाराला ‘स्ट्रीम’ म्हणण्यात विशेष काय आहे, हे कळण्यासाठी त्यापूर्वी मनाला काय म्हटले जात होते ते पाहावयास हवे. टॉमस हॉब्जने ‘लेव्हायथन’मध्ये (१६५१) कल्पनांच्या ‘ट्रेन’विषयी एक प्रकरण लिहिले. त्या काळी या शब्दाचा अर्थ आगगाडी असा असणे शक्य नव्हते. एकामागून एक चालणारा लवाजमा, रांग असा तो होता. पुढे साहचर्यवादी मानसशास्त्राने हीच कल्पना पद्धतशीर विकसित केली. संवेदना आणि कल्पना हे मनाचे सुटे घटक, साहचर्याचे नियम ही त्यांना जोडणारी कडी आणि मन म्हणजे या कड्यांची साखळी, असे ते चित्र होते. जेम्स मिलच्या १८२९ मधील ग्रंथात ते आपल्या सर्वांत काटेकोर रूपात आढळते. डेव्हिड ह्यूमने १७३९ मध्ये मनाला संवेदनांचा जुडगा म्हटले आणि तो जुडगा सतत वाहता, बदलता असल्याचेही सांगितले. परंतु त्याच्याही विचारात वाहणारे घटक सुटेच राहिले.

‘स्ट्रीम ऑफ कॉन्शसनेस’ हा शब्दप्रयोग विल्यम जेम्सचा, असे सर्रास सांगितले जाते. वस्तुतः अलेक्झांडर बेन याने ‘द सेन्सेस अँड द इन्टलेक्ट’ (१८५५) या ग्रंथात तो जेम्सच्या कितीतरी आधी केला होता आणि बेन हा तर साहचर्यवादीच होता. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. केवळ शब्द वापरल्याने भूमिका बदलत नाही. बेनच्या लेखी तो एक सोयीचा अलंकार होता. जेम्सने त्याच शब्दाला युक्तिवादाचे बळ दिले.

जेम्सने १८८४ मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकातील लेखात या विचाराची पहिली मांडणी केली. ‘द प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी’ (१८९०) या द्विखंडात्मक ग्रंथातील नवव्या प्रकरणाला त्याने विचाराच्या प्रवाहाचे नाव दिले आणि १८९२ च्या संक्षिप्त आवृत्तीत त्या प्रकरणाच्या शीर्षकात ‘विचारा’ऐवजी ‘कॉन्शसनेस’ हा शब्द योजला. साखळी आणि रांग ही दोन्ही रूपके तो नावे घेऊन नाकारतो. जाणिवेला सांधे नसतात, ती वाहते, असे त्याचे प्रतिपादन आहे. शांततेनंतर मेघगर्जना ऐकू येते तेव्हा कानाला निव्वळ गर्जना ऐकू येत नाही, तर शांततेला छेदून आलेली गर्जना ऐकू येते. आधीच्या क्षणाचा ठसा नंतरच्या क्षणावर राहतो. वेळूचे पेर म्हणजे लाकडात पडलेला खंड नव्हे, त्याप्रमाणे अनुभवातील आकस्मिक वळणेही अनुभवाचाच भाग असतात. जुन्या मानसशास्त्राची चूक त्याने अशी दाखविली, की त्याने नदीतील पाणी घागरी आणि पिंपे भरभरून मोजले आणि त्या भांड्यांच्या मधून मोकळे वाहणारे पाणी मात्र विचारात घेतले नाही.

येथपर्यंतचा जेम्स बहुतेकांच्या परिचयाचा आहे. परंतु त्याच प्रकरणात त्याने दुसरे एक रूपक योजले आहे आणि समीक्षेच्या इतिहासात ते जवळजवळ हरवून गेले. जाणिवेचे जीवन पक्ष्याच्या जीवनासारखे असते, असे तो म्हणतो. त्यात भराऱ्या असतात आणि फांदीवर विसावणेही असते. विसाव्याच्या जागी प्रतिमा आणि वस्तू असतात. भराऱ्यांत संबंधांची जाणीव असते. भाषेत नामांना मान आणि ‘आणि’, ‘पण’, ‘जर’ अशा अव्ययांना दुय्यम स्थान मिळाल्यामुळे आपण विसाव्याच्या जागांनाच विचार समजतो आणि भराऱ्यांना विसरतो, अशी त्याची तक्रार होती. या तक्रारीचा रोख विसाव्याविरुद्ध नाही. विसावा नसेल तर भरारीला आरंभ नाही आणि अंतही नाही. जेम्सचा प्रवाह हा असा थांबे असलेला प्रवाह होता.

३

साहित्यसमीक्षेत हा शब्द आणण्याचे श्रेय मे सिंक्लेअर या कादंबरीकार स्त्रीला दिले जाते. ती स्वतः तत्त्वज्ञानाची अभ्यासक होती. ‘द इगोइस्ट’च्या एप्रिल १९१८ च्या अंकात तिने डॉरथी रिचर्डसनच्या तोवर प्रसिद्ध झालेल्या तीन कादंबऱ्यांविषयी लिहिले. या कादंबऱ्यांत नाट्य नाही, प्रसंगांची मांडणी नाही. मिरिअम हेंडरसन या नायिकेच्या जाणिवेचा प्रवाह तेवढा पुढे पुढे जात राहतो, असा तिचा अभिप्राय होता. तिच्या लेखात हे एका अनुभवाचे वर्णन होते. तंत्राचे नाव म्हणून ते पुढे रूढ झाले.

ज्या लेखिकेसाठी हे नाव प्रथम वापरले गेले, तिला ते कधीच मानवले नाही. रिचर्डसनने या संज्ञेची कठोर शब्दांत संभावना केली. मन हे ओढ्यासारखे वाहून जात नाही. ते डोहासारखे, समुद्रासारखे असते, त्याला खोली असते, असे तिचे म्हणणे होते. ‘पिल्ग्रिमेज’ या तिच्या बृहत्कृतीची बारा पुस्तके १९३८ मध्ये एकत्रित प्रसिद्ध झाली आणि तेरावे तिच्या मृत्यूनंतर १९६७ मध्ये आले. हा व्याप पाहता तिच्या आक्षेपाचे मर्म ध्यानात येते. प्रवाहाला एक पात्र आणि एक दिशा असते. स्मृतीला तशी दिशा नसते. व्हर्जिनिया वुल्फचा १९१९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला आणि १९२५ मध्ये नव्या रूपात आलेला आधुनिक कादंबरीवरील निबंध या संप्रदायाचा जाहीरनामा म्हणून उद्धृत केला जातो. पण त्यातील गाजलेल्या प्रतिमा मनावर बरसणाऱ्या अणूंच्या आणि प्रकाशवलयाच्या आहेत.

जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’मध्ये (१९२२) तर या रूपकाची थट्टाच आढळते. आठव्या प्रकरणात लिओपोल्ड ब्लूम हा जाहिरातींच्या दलालीचा व्यवसाय करणारा गृहस्थ लिफी नदीच्या काठी उभा आहे. नदीत एक होडी नांगरलेली आहे आणि तिच्यावर विजारींची जाहिरात रंगवलेली आहे. पाण्यावर मालकी कशी सांगता येईल, जीवन म्हणजे प्रवाहच की, असा काहीसा विचार त्याच्या मनात येतो आणि लगेच तो जाहिरातीला कोणकोणत्या जागा उत्तम यावर येऊन ठेपतो. जीवनाचा प्रवाह ही कल्पना १९२२ मध्येच जाहिरातदाराच्या डोक्यातील एक घासलेले नाणे होऊन गेली होती. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की ब्लूमचे हे विचार तुटक, दोन-तीन शब्दांच्या, मध्येच सोडलेल्या वाक्यांतून येतात. त्याच कादंबरीच्या अखेरीस मॉलीचे मनोगत विरामचिन्हे जवळजवळ टाकून देऊन अवघ्या आठ प्रदीर्घ वाक्यखंडांत येते. एक खडखडत चालणारे गद्य, दुसरे महापुरासारखे; समीक्षेने दोहोंना एकच नाव दिले.

हा गोंधळ अपघाती नव्हता. ‘स्ट्रीम ऑफ कॉन्शसनेस’ या एका संज्ञेखाली तीन भिन्न गोष्टी गोळा झाल्या होत्या : मनाच्या स्वरूपाविषयीचा एक सिद्धान्त, कादंबरीने निवडलेला एक विषय आणि तो विषय मांडण्याची एक भाषिक रीत. फ्रेंच परंपरेने तिसऱ्या गोष्टीसाठी वेगळे नाव जपले होते. एदुआर द्युजार्दें याच्या १८८७ मधील कादंबरीशी जोडला गेलेला ‘अंतर्गत स्वगत’ हा शब्द व्हालेरी लार्बोने जॉइसच्या संदर्भात प्रचारात आणला आणि १९३१ मध्ये स्वतः द्युजार्देंने त्यावर पुस्तक लिहिले. इंग्रजीत रॉबर्ट हंफ्रीने १९५४ मध्ये विषय आणि तंत्रे यांची फारकत करून, एकाच विषयासाठी अनेक तंत्रे असू शकतात हे दाखविले. परंतु तोवर शब्द दूरवर पोहोचला होता. मन अखंड वाहते, म्हणून मनाचे चित्रण करणारे गद्यही अखंड वाहते असावे, हे अनुमान तर्कदृष्ट्या सदोष आहे. वाळवंटाचे वर्णन कोरडे असले पाहिजे असे म्हणण्यासारखेच ते आहे. रूपकाच्या ओघात ते खपून गेले.

४

मराठीत या संज्ञेसाठी ‘संज्ञाप्रवाह’ हा शब्द रूढ झाला. हिंदी आणि बंगालीने ‘चेतनाप्रवाह’ पसंत केला. मराठीची निवड विचार करण्याजोगी आहे. ‘संज्ञा’ म्हणजे शुद्ध, भान. ‘संज्ञाहीन’ या शब्दात तो अर्थ दिसतो. पण ‘संज्ञा’ म्हणजे नाव, पारिभाषिक शब्द असाही अर्थ मराठीत तितकाच जिवंत आहे. नामे प्रवाहाला गोठवतात ही जेम्सची मूळ तक्रार. आणि मराठीने त्या प्रवाहाला जे नाव दिले त्याच्या पहिल्याच पदाचा एक अर्थ ‘नाव’ असा निघतो. अभावितपणे घडलेला हा श्लेष मूळ इंग्रजी संज्ञेपेक्षा अधिक अर्थगर्भ आहे. जाणीव आणि तिला थांबवून धरणारे नाव, भरारी आणि फांदी, ही दोन्ही एका शब्दात एकत्र आली आहेत.

या रूपकाला येथील परंपरेत पूर्वपीठिका नव्हती असेही नाही. पाली निकायांत ‘विञ्ञाणसोत’ म्हणजे विज्ञानस्रोत हा शब्द आहे. वसुबंधूने आलयविज्ञानाला नदीच्या ओघाची उपमा दिली. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात दोन्ही दिशांना, कल्याणाकडे आणि पापाकडे, वाहणारी ‘चित्तनदी’ येते. या परंपरेतील प्रवाहाचे प्रयोजन वेगळे आहे. बौद्धांना प्रवाह दाखवून स्थिर आत्म्याचा भ्रम दूर करावयाचा आहे. योगाला प्रवाहाची दिशा बदलावयाची आहे. आधुनिक कादंबरीला मात्र तो निरखावयाचा आहे. त्यामुळे ‘हे आमच्याकडे होतेच’ हा अभिमान येथे फारसा उपयोगी नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट एवढीच, की दुतर्फा वाहणाऱ्या नदीची कल्पना हाताशी असताना मराठी समीक्षेने एकमार्गी प्रवाहाची कल्पना स्वीकारली.

बा. सी. मर्ढेकर १९२९ ते १९३३ या काळात इंग्लंडमध्ये होते. वुल्फची ‘द वेव्ह्‌ज’ याच काळात, १९३१ मध्ये, प्रसिद्ध झाली. त्यांची ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) ही कादंबरी मराठीतील पहिली संज्ञाप्रवाही कादंबरी म्हणून वाङ्मयेतिहासात नोंदली गेली आहे. पुढे नवकथेच्या, विशेषतः गंगाधर गाडगीळांच्या कथेच्या चर्चेत ही संज्ञा वारंवार आली. वसंत कानेटकरांच्या ‘घर’ आणि ‘पंख’ या कादंबऱ्यांच्या संदर्भातही ती योजली गेली. या चर्चेचा भर बहुधा प्रयोगाच्या नावीन्यावर आणि पाश्चात्त्य प्रभावावर राहिला. एखादी कृती संज्ञाप्रवाही आहे की नाही, हा वर्गीकरणाचा प्रश्न पुढे आला. तिच्यातील जाणीव कोठे थांबते, कशावर अडते, हा वाचनाचा प्रश्न मागे पडला.

वस्तुतः या दुसऱ्या प्रश्नाची गुरुकिल्ली मर्ढेकरांच्याच सौंदर्यविचारात होती. त्यांनी कलाकृतीच्या घटनेचे तत्त्व म्हणून ‘लय’ ही संकल्पना मांडली आणि संवाद, विरोध व समतोल यांच्या आधारे तिचे विवरण केले. ‘लय’ हा शब्द त्यांनी ‘रिदम’च्या अर्थकक्षेत वापरला. ‘रिदम’ची व्युत्पत्ती ग्रीकमधील वाहण्याच्या क्रियापदापासून, म्हणजे ‘स्ट्रीम’च्याच मुळापासून सांगितली जाते आणि लाटांच्या आवर्तनाशी तिचा संबंध जोडला जातो. एमिल बाँव्हनिस्त या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये दाखवून दिले, की प्राचीन ग्रीकमध्ये त्या शब्दाचा अर्थ लाटांची हालचाल असा नव्हता. चंचल वस्तूने त्या क्षणापुरता धारण केलेला आकार, असा होता. ‘लय’ शब्दाची साक्ष याहून बोलकी आहे. तो ‘ली’ या धातूपासून आला आहे. चिकटणे, टेकणे, विरून जाणे हे त्याचे अर्थ. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात लयीची व्याख्या एका क्रियेनंतरची विश्रांती अशीच केली आहे. म्हणजे लय गतीत नसून दोन गतींमधल्या विसाव्यात आहे. मराठीतील पहिल्या संज्ञाप्रवाही कादंबरीच्या कर्त्याने सौंदर्याचे तत्त्व म्हणून जो शब्द निवडला, त्याच्या मुळाशी थांबणे आहे. मर्ढेकरांची कादंबरी आणि त्यांचे सौंदर्यशास्त्र यांचा विचार वेगवेगळ्या दालनांत होत राहिल्यामुळे हा धागा उचलला गेला नाही.

५

दरम्यान ‘प्रवाह’ या शब्दाने समीक्षेत दुसरेही एक काम पत्करले. साहित्यातील निरनिराळ्या समूहांना आणि संप्रदायांना ‘प्रवाह’ म्हटले जाऊ लागले : ग्रामीण साहित्याचा प्रवाह, दलित साहित्याचा प्रवाह, स्त्रीवादी प्रवाह; आणि या सर्वांच्या तुलनेत ‘मुख्य प्रवाह’. हाही ‘स्ट्रीम’चाच वारसा, ‘मेनस्ट्रीम’च्या वाटेने आलेला. येथे रूपकाचे विधान उघडपणे राजकीय होते. मुख्य प्रवाह मानला की बाकीच्या उपनद्या ठरतात आणि उपनदीची सार्थकता मोठ्या नदीला मिळण्यात असते. कोणते पात्र मुख्य हे पाणी ठरवीत नाही. नकाशा काढणारा ठरवितो.

‘कॉन्शसनेस’ या एका इंग्रजी शब्दाचीही मराठीत अशीच वाटणी झाली. तंत्राच्या चर्चेत त्याची ‘संज्ञा’ झाली, समूहाच्या चर्चेत ‘जाणीव’ : दलित जाणीव, स्त्रीवादी जाणीव. ही वाटणी सोयीची होती; पण तिची किंमतही द्यावी लागली. मध्यमवर्गीय नायकाच्या वाट्याला संज्ञा आली : खाजगी, सूक्ष्म, प्रवाही. दलित निवेदकाच्या वाट्याला जाणीव आली : सामाजिक, ठाम, जवळजवळ घोषणारूप. पहिल्याच्या मनोव्यापारात समाज शोधावा असे समीक्षेला फारसे वाटले नाही आणि दुसऱ्याच्या सामाजिक विधानात मनोव्यापाराची घडण पाहावी असेही क्वचितच सुचले.

दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. त्याच्या आरंभीच दगडू मारुती पवार आणि दया पवार हे एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर येतात आणि एक दुसऱ्याला आपली कहाणी ऐकवतो. जेम्सने वैयक्तिक जाणिवेचे पहिले लक्षण म्हणून तिचे ‘माझे’पण सांगितले होते : झोपेतून जागा झालेला माणूस आपल्याच प्रवाहाला पुन्हा सहज जोडला जातो. येथे ते सहज घडत नाही. शिकलेला, शहरात स्थिरावलेला लेखक आणि महारवाड्यातला दगडू यांच्यामध्ये जो खंड आहे तो वेळूच्या पेरासारखा नैसर्गिक नाही. तो समाजव्यवस्थेने पाडलेला आहे. अखंड वाहणारे ‘मी’ हे मनाचे सार्वत्रिक लक्षण मानले, तर अशा कृतीतील दुभंग ही तंत्राची उणीव वाटेल. खंडित होणे हाच येथे जाणिवेचा आशय आहे असे मानले, तर तोच दुभंग कृतीचे घटनातत्त्व ठरेल. निवड दोन वाचनांमधली आहे आणि ती ‘प्रवाह’ या शब्दाकडून आपण काय अपेक्षितो यावर अवलंबून आहे.

म्हणून ही संज्ञा टाकून द्यावी, असा याचा अर्थ नव्हे. रुळलेल्या संज्ञा ठरावाने जात नाहीत. तिच्यातील लोपलेले अर्थ जागे करणे मात्र शक्य आहे. मराठी गद्याविषयीच्या लेखनात ‘प्रवाही’, ‘ओघवती’ ही विशेषणे आपोआप प्रशंसेची ठरतात; ती क्षणभर बाजूला ठेवून, हे गद्य कोठे अडखळते आणि त्या अडखळण्याला काय अर्थ आहे, असा प्रश्न विचारता येईल. जेम्सच्या पक्ष्याची फांदी आणि शार्ङ्गदेवाची विश्रांती ही दोन्ही समीक्षेची साधने होऊ शकतील.

शिवाय मराठीजवळ एक गोष्ट आहे, ती इंग्रजी ‘स्ट्रीम’जवळ नाही. मराठीत जे वाहते ते काही वाहून नेत असते. हे क्रियापदाचे दुहेरीपण ध्यानात ठेवले, तर मन कसे वाहते हा प्रश्न ते काय वाहते या प्रश्नापासून वेगळा काढता येणार नाही. तंत्राचा विचार आणि ओझ्याचा विचार यांना दोन पात्रांत विभागण्याची सवय समीक्षेने लावून घेतली; भाषेने ती कधीच मान्य केलेली नव्हती.